पेट्रोलची टाकी: दुरुस्ती आणि जपणूक

मंडळी, आपल्या गावात आता दारोदार मोटारसायकल दिसते. मळ्यात फवारणीचा इंजिन-पंप असतो. बांधावरचे गवत कापायचे यंत्रही कुणाकुणाकडे आले आहे. या सगळ्यांना पेट्रोलची टाकी असते. टाकी चांगली आहे तोवर आपण तिच्याकडे पाहत नाही. ती ठिबकू लागली की मग धावपळ होते. कुणी म्हणतो, एम-सील लाव. कुणी म्हणतो, मेणबत्तीने प्लॅस्टिक वितळवून भोक बुजव. कुणी म्हणतो, वेल्डिंगवाल्याकडे ने. यातला कोणता सल्ला कामाचा आणि कोणता जिवावर बेतणारा, ते आज आपण समजून घेऊ.

पेट्रोल म्हणजे रॉकेल नव्हे

पुष्कळांच्या मनात रॉकेल आणि पेट्रोल ही भावंडे आहेत. ती भावंडे खरी, पण स्वभाव अगदी निराळा. थंड रॉकेल चटकन पेट घेत नाही. त्याला वात लागते. पेट्रोलला वात लागत नाही. पेट्रोलची वाफ सदा सर्वकाळ उठत असते. शून्याखाली ४० अंशांच्या थंडीतही ती पेटण्याइतकी उठते. मग आपल्या वैशाखाच्या उन्हात काय होत असेल, याचा विचार करा.

ही वाफ डोळ्यांना दिसत नाही. ती हवेपेक्षा तीन-चार पट जड असते. म्हणून ती धुरासारखी वर जात नाही. पाण्यासारखी खाली बसते, जमिनीवरून सरपटते, उंबऱ्याखालून आत शिरते. टाकी ओसरीवर उघडी ठेवली आणि आत चूल पेटलेली असली, तर वाफ चुलीपर्यंत जाते. तिथे पेट घेते आणि आग उलट टाकीपर्यंत पळत येते. लोक म्हणतात, "आम्ही काडी लावलीच नव्हती!" खरे आहे. काडी लावली नव्हती, पण वाफच चालत चुलीकडे गेली.

रिकामी टाकी जास्त घातक

ही गोष्ट ऐकायला उलटी वाटते, पण नीट समजून घ्या. पेट्रोल जळते म्हणजे त्याची वाफ जळते. जळायला वाफ हवी आणि हवाही हवी. हवेच्या १०० भागांत वाफ साधारण दीड ते साडेसात भाग असली, की ठिणगी पडताच भडका होतो. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी. रिकाम्या टाकीत तळाला चमचाभर पेट्रोल आणि वर हवाच हवा. चमचाभर पेट्रोलची वाफ साऱ्या टाकीत पसरते. अशी टाकी म्हणजे सुतळी बॉम्बच समजा. म्हणून "टाकी रिकामी आहे, आता भीती नाही" हे म्हणणे साफ चुकीचे आहे.

आपली टाकी कशाची आहे?

दुरुस्तीच्या आधी हे ओळखले पाहिजे. एक लहान लोहचुंबक घ्या आणि टाकीला लावा. चिकटला तर टाकी लोखंडी पत्र्याची. आपल्याकडच्या बहुतेक मोटारसायकलींच्या टाक्या अशाच असतात. चुंबक चिकटला नाही आणि बोटाने टिचकी मारल्यावर बद्द आवाज आला, तर टाकी बहुधा प्लॅस्टिकची. फवारणीच्या पंपाची आणि गवत कापायच्या यंत्राची टाकी बहुधा प्लॅस्टिकचीच असते. काही मोटारसायकलींनाही ती असते. ती वजनाला हलकी असते, गंजत नाही आणि कोणत्याही आकारात घडवता येते.

प्लॅस्टिकच्या टाकीखाली बहुधा इंग्रजी अक्षरे उठवलेली असतात. शिकल्याचा इथे उपयोग होतो, बरं का! 'पीई' अशी अक्षरे असली तर ते पॉलिथिन. घरावरची पाण्याची काळी टाकी याच जातीची. 'पीए' असले तर ते नायलॉन. तिसरी जात काचतंतूची. तिच्यात काचेचे धागे आणि राळ यांचा थर असतो. अशा टाक्या काही जुन्या परदेशी गाड्यांना होत्या.

प्लॅस्टिक पेट्रोल पिते

हिंग प्लॅस्टिकच्या डब्यात ठेवा. झाकण घट्ट लावा. तरी फडताळभर वास सुटतोच. डबा धुतला तरी वास जात नाही. पेट्रोलचेही तसेच. पॉलिथिन पेट्रोल थोडे थोडे शोषून घेते आणि बाहेर झिरपवते. टाकीला भोक नसते, तरी वास येतो. वरचा रंग फुगतो, चिकटवलेले चित्र सुटून येते. म्हणून प्लॅस्टिकची टाकी कितीही धुतली तरी तिच्या अंगात पेट्रोल उरते. ती तापवली की तेच पेट्रोल वाफ होऊन बाहेर पडते.

आणखी एक नवी गोष्ट. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असते. ते आपल्या उसाच्या रसापासून, मळीपासून आणि धान्यापासूनही होते. २०२३ साली २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि २०२५ साली देशात सरासरी २० टक्क्यांचे प्रमाण गाठले गेले. इथेनॉलमुळे नायलॉन फुगू शकते, काचतंतूची राळ मऊ पडू शकते आणि जुन्या जातीचे रबरी वॉशर खराब होतात. इथेनॉल पाणीही ओढून घेते. पाणी फार झाले की ते इथेनॉलसह तळाशी वेगळे बसते. मग गाडी बंद पडते आणि लोखंडी टाकी आतून गंजते.

आधी गळती शोधा

टाकी गळते असे वाटले, तरी पुष्कळदा टाकी शाबूत असते. गळतो तो कॉकचा वॉशर, नाही तर नळी. इंजिन थंड झाल्यावर टाकी कोरड्या फडक्याने पुसा आणि थोडा वेळ थांबून ओल कुठून येते ते पाहा. वॉशर किंवा नळी खराब असेल तर ती बदला. काम संपले.

टाकीलाच बारीक चीर असेल आणि आपण वाटेत असाल, तर अंगाचा साबण कोरडाच त्या चिरेवर घासून भरावा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. ठिबक काही वेळ थांबते. पण ही सोय टाकी रिकामी करीपर्यंतची. तिच्यावर आठवडा काढायचा नाही.

टाकी कशी रिकामी करावी?

हे काम घराबाहेर, मोकळ्यावर, दिवसा करावे. जवळ चूल, विडी, दिवा, चालू इंजिन नसावे. मोबाइल खिशात वाजत ठेवू नये. गाडीच्या बॅटरीची तार आधी सोडावी. पेट्रोल लोखंडी डब्यात घ्यावे आणि डबा जमिनीवर ठेवावा. तोंडाने नळी ओढू नये. पेट्रोलचा घोट छातीत गेला तर फुप्फुसाला इजा होते. कुणाच्या पोटात गेलेच, तर ओकारी काढायला लावू नका. सरळ दवाखान्यात न्या.

मग झाकण आणि कॉक काढून टाकी सावलीत, वाऱ्यावर पालथी ठेवा. साबणाच्या पाण्याने तीन-चार वेळा धुवा. ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात किंवा गटारात टाकू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगते. गटारात गेले तर वाफ गटारभर हिंडते. वास गेला का, हे दुसऱ्या माणसाला हुंगायला सांगा. काम करणाऱ्याचे नाक मरते. वास येत असेल तर टाकी स्वच्छ झाली नाही. आणि वास गेला, तरी तिला ज्योत दाखवायची परवानगी मिळाली असे समजू नका.

कोणती दुरुस्ती होते, कोणती होत नाही?

पॉलिथिनची टाकी: हिला गोंद धरत नाही. मेणकापडावर चिकी चिकटत नाही, तसेच हे. एम-सील आज बसेल, चार दिवसांनी पोपडा होऊन पडेल. हिला त्याच जातीच्या प्लॅस्टिकची सळई गरम हवेने वितळवून जोड द्यावा लागतो. ते जाणत्या कारागिराचे काम आहे. मेणबत्ती, तापवलेला विळा, उदबत्ती यांनी घरी भोक बुजवणे म्हणजे मरणाला बोलावणे. चीर बोल्टाजवळ किंवा सांध्यावर असेल तर जोडही टिकत नाही. टाकी बदला.

नायलॉन आणि काचतंतूची टाकी: घरी हात लावू नका. फुगलेली टाकी बदलावी हेच बरे.

लोखंडी टाकी: गंजून बारीक भोके पडली तर झाळता येते किंवा वेल्डिंग करता येते. पण कारागिराला टाकीत काय होते ते आधी सांगा. तो टाकी पुन्हा धुतो की नाही, ते पाहा. जाणता कारागीर टाकीत शक्य तितके पाणी भरतो, म्हणजे आत वाफेला जागाच उरत नाही. "आणा, दोन मिनिटांत करतो" म्हणून जो तशीच ज्योत लावतो, त्याच्याकडून टाकी परत घ्या. त्याचाही जीव वाचेल.

दुरुस्तीनंतर टाकीत पाणी भरून ती रात्रभर कोरड्या कागदावर ठेवा. कागद ओला झाला तर काम फसले. कोरडा राहिला तर टाकी पूर्ण वाळवा आणि मगच पेट्रोल भरा.

टाकी आणि पेट्रोल कसे ठेवावे?

सुटी टाकी सावलीत ठेवा. उन्हाने प्लॅस्टिक ठिसूळ होते आणि तडकते. चुलीजवळ, देवघरातल्या समईजवळ, कडब्याच्या गंजीजवळ ती नको. लोखंडी टाकी ठेवायची असेल तर वाळवून आतून थोडे इंजिन ऑइल फिरवा. फवारणीचा हंगाम संपला की पंपाची टाकी रिकामी करा आणि उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते मोकळ्यावर चालू ठेवा.

जुन्या टाकीत किंवा कॅनमध्ये पिण्याचे पाणी, गोडेतेल कधीही भरू नका. आणि पाण्याच्या बाटलीत पेट्रोल ठेवू नका. तहानलेले पोर बाटली तोंडाला लावते. ते वाचायला शिकलेले नसते. आपण शिकलो आहोत.

कायदाही हेच सांगतो. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याप्रमाणे, विकण्यासाठी नसलेले पेट्रोल परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंतच जवळ ठेवता येते. तेही घट्ट बुचाच्या भांड्यात. भांडे काचेचे किंवा चिनी मातीचे असेल तर १ लिटरपर्यंत, धातूचे असेल तर २५ लिटरपर्यंत. प्लॅस्टिकच्या बाटलीचे त्यात नाव नाही.

आग लागलीच तर

पेटलेल्या पेट्रोलवर पाणी ओतू नका. पेट्रोल पाण्यावर तरंगून आग पसरवते. माती किंवा वाळू टाका, लहान आगीवर ओले पोते झाका. आग मोठी असेल तर माणसे आणि गुरे बाहेर काढा, सामान राहू द्या. कपडे पेटलेल्या माणसाने पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागेवर २० मिनिटे साधे गार पाणी सोडावे. हळद, शाई, टूथपेस्ट लावू नये. १०८ ला फोन करून दवाखान्यात न्यावे. आगीसाठी १०१ किंवा ११२ लावावा.

ध्यानात ठेवा

१. पेट्रोलची वाफ दिसत नाही, ती जमिनीवरून चालते.
२. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा घातक.
३. टाकीला घरी ज्योत दाखवायची नाही.
४. पॉलिथिनला गोंद धरत नाही.
५. पेट्रोल पाण्याच्या बाटलीत नको.
६. पेट्रोलच्या आगीवर माती टाका, पाणी नको.

नवी टाकी घ्यायला पैसे पडतात, हे खरे. दोन आठवड्यांचा बाजार त्यात जातो. पण टाकी पुन्हा विकत मिळते. हा धडा आज घरी मोठ्याने वाचून दाखवा. घरात ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्याही कानावर तो पडू द्या. चुलीपाशी तीच माणसे बसलेली असतात.