कागदावरील अदृश्य ठसे

१८९७ साली बंगालमधील जलपायगुडी जिल्ह्यात एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला. त्याच्या सामानातील एका बंगाली पंचांगावर रक्ताचा पुसट ठसा आढळला. तो पूर्वी शिक्षा भोगलेल्या एका नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. १८९८ मध्ये त्या नोकरास चोरीबद्दल शिक्षा झाली. खुनाच्या आरोपातून मात्र तो सुटला. हा ठसा रक्तामुळे डोळ्यांना दिसत होता. स्वच्छ बोटांनी हाताळलेल्या कागदावर काहीच दिसत नाही. तरीही स्पर्शाची खूण तेथे राहू शकते. ती प्रकट करणे हे रसायनशास्त्राचे काम होय.

घाम हा बव्हंशी पाणीच असतो. ते उडून गेल्यावर क्षार आणि अमिनो आम्ले मागे उरतात. चेहऱ्याला व केसांना हात लागत असल्यामुळे बोटांवर स्निग्ध द्रव्येही असतात. प्रत्येक रासायनिक पद्धती यांपैकी एखाद्याच घटकाचा वेध घेते, हे ध्यानात घेतले पाहिजे.

आयोडीनची वाफ मुख्यतः स्निग्धांशात शोषली जाते व ठसा तपकिरी दिसू लागतो. पण तो थोड्याच वेळात विरतो, म्हणून त्याचे छायाचित्र तत्काळ घ्यावे लागते. सिल्व्हर नायट्रेटची घामातील क्लोराइडशी प्रक्रिया होऊन सिल्व्हर क्लोराइड बनते आणि ते प्रकाशात काळवंडते. दमट हवेत क्लोराइड कागदात पसरते व रेषा अस्पष्ट होतात. अमिनो आम्ले मात्र कागदाच्या तंतूंना घट्ट धरून राहतात. त्यामुळे कोरड्या कागदावरील अनेक वर्षांपूर्वीचे ठसेही मिळू शकतात. त्यांना जांभळा रंग देणारे निनहायड्रिन रूहेमान यांनी केंब्रिज येथे १९१० साली शोधले. ठशांसाठी त्याचा उपयोग सुचविला गेला तो १९५४ मध्ये, स्वीडनमध्ये.

या पद्धतींचा क्रम चुकला, तर पुरावा कायमचा नष्ट होतो. सिल्व्हर नायट्रेटचे जलीय द्रावण अमिनो आम्ले धुऊन नेते. म्हणून आधी आयोडीन, मग निनहायड्रिन आणि शेवटी सिल्व्हर नायट्रेट, असा जुना क्रम रूढ झाला. पुढे प्रकाशात चमकणारे ठसे देणाऱ्या डीएफओची भर पडली. ते निनहायड्रिनच्या आधी वापरतात. भिजलेल्या कागदातील अमिनो आम्ले विरघळून गेलेली असतात. तेथे न विरघळणाऱ्या स्निग्धांशावर चांदीचे कण जमविणारी पद्धती उपयोगी पडते. द्रावणाने शाई फुटण्याचा संभव असल्यामुळे मजकुराची तपासणी व छायाचित्रण या सर्वांआधी करावे लागते.

इतके करूनही ठसा एवढेच सांगतो, की अमुक हाताने हा कागद धरला होता. केव्हा व कोणत्या हेतूने, हे रसायन सांगू शकत नाही. जलपायगुडीच्या खटल्यात चोरी व खून यांत जो भेद केला गेला, तो आजही तितकाच महत्त्वाचा आहे.