पिल्लाची हाक

पांढऱ्या उंदराचं आठवडाभराचं पिल्लू आईपासून बाजूला ठेवलं की हाक मारतं. ती साधारण ४० किलोहर्ट्झची. आपला कान २०च्या पुढचं ऐकत नाही. आई मात्र ऐकते आणि पिल्लाला तोंडात धरून घरट्यात आणते. औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत खास मायक्रोफोन लावून मी या हाका मोजत असे.

त्या मोजायच्या कशाला? सोडिअम व्हॅल्प्रोएट हे फिट थांबवणारं गुणी औषध. पण गर्भात त्याचा मारा झालेली पिल्लं वरून धडधाकट दिसली, तरी अनेक प्रयोगांत त्यांच्या हाका कमी भरल्या. थोडी मोठी झाल्यावर ती भावंडांशी कमी खेळतात, एकच हालचाल पुन्हा पुन्हा करतात, स्वमग्न मुलांची आठवण यावी अशी. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात अमेरिकेत पॅट्रिशिया रोडिअर यांनी गाभण माद्यांना बाराव्या दिवसाच्या आसपास हे औषध दिलं होतं. तेव्हा गर्भाची मज्जानलिका नुकती मिटत असते. पिल्लांच्या मेंदूच्या देठात त्यांना मज्जापेशी कमी आढळल्या.

आमच्या मॅडम एका बाबतीत फार कडक होत्या. एका वेतात दहा पिल्लं झाली, तरी पुरावा एकच धरायचा. दहाही एकाच गर्भाशयात वाढलेली. शिवाय जन्मताच काही पिल्लं औषध न दिलेल्या मादीकडे सोपवायची. नाहीतर दोष गर्भातल्या औषधाचा की आईच्या बिघडलेल्या संगोपनाचा, हे कळणार कसं? एवढी काळजी न घेतलेल्या प्रयोगावर मी आजही विश्वास ठेवत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, त्याला दिलेला डोसही मोठा असतो. म्हणून माणसांच्या नोंदी तपासाव्याच लागतात. डेन्मार्कमध्ये १९९६ ते २००६ दरम्यान जन्मलेल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गर्भात व्हॅल्प्रोएट पोचलेल्या मुलांमध्ये स्वमग्नतेचा धोका ४.४ टक्के निघाला, इतरांमध्ये १.५. म्हणजे बहुसंख्य मुलं त्यातून सुटली, पण धोका जवळजवळ तिप्पट. जन्मल्याबरोबर हातपाय मोजून ‘बाळ ठीक आहे’ म्हटलं की आपण निश्चिंत होतो. हा धोका त्या तपासणीत दिसतच नाही.

तुमच्या घरात फिटची गोळी घेणारी मुलगी किंवा सून असेल, तर गोळी परस्पर बंद करू नका. अचानक आलेली फिट आई आणि बाळ दोघांच्याही जिवावर बेतू शकते. पण दिवस राहण्याआधीच तिला न्यूरोलॉजिस्टकडे न्या आणि गोळी बदलता येईल का, हे स्पष्ट विचारा.