मुलगा मागवला होता, मुलगी आली

शेतावर हाताशी असावा म्हणून एका म्हाताऱ्याने आणि त्याच्या बहिणीने अनाथाश्रमातून मुलगा मागवला. म्हातारा घोडागाडी घेऊन स्टेशनवर गेला, तर तिथे अकरा वर्षांची मुलगी बसलेली. लाल केस, जुनाट पिशवी आणि तोंडाची अखंड टकळी. ‘चूक झाली, परत जा’ हे काही त्याला सांगवेना. मुकाट्याने तिला गाडीत बसवून तो घरी घेऊन आला.

‘आकागे नो ॲन’, म्हणजे लाल केसांची ॲन, ही जपानी चित्रमालिका अशी सुरू होते. १९७९ साली दर रविवारी एक याप्रमाणे तिचे पन्नास भाग जपानमध्ये दाखवले गेले. मूळ कादंबरी कॅनडाच्या ल्यूसी मॉड माँटगोमेरी यांची, १९०८ सालची. दूरदर्शनवर १९९३ मध्ये आपल्या रविवारच्या सकाळी अडवून ठेवणारा मोगली ज्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीचा, तिचीच ही ॲन.

दिग्दर्शक इसाओ ताकाहाता यांना घाई नव्हती. गाय, चहा, केरवारे, शाळेची वाट यांतच ते रमले. सगळ्या मैत्रिणींना फुग्याच्या बाह्यांचे फ्रॉक आणि ॲनला मात्र नाही, हे अबोल म्हाताऱ्या मॅथ्यूच्या लक्षात येतं. बिचारा दुकानात जातो, पण समोर विक्रेती बाई पाहून त्याची बोबडी वळते आणि फ्रॉकऐवजी तो दंताळं आणि ढीगभर साखर घेऊन परततो! शेवटी फ्रॉक येतो, पण तो शेजारणीकडून शिवून घेतलेला. ‘आम्ही तुला आपली मानतो’ असं कुणी लगेच म्हणत नाही, पण ती त्या घरची होऊन जाते. पुढे मॅथ्यू गेल्यावर शिष्यवृत्ती सोडून त्याच्या थकलेल्या बहिणीपाशी, मारिलापाशी थांबते ती हीच, परत पाठवायची ठरलेली पोर.

हिंगोलीकरांना ही गोष्ट परकी वाटू नये. संत नामदेवांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं नर्सी आपल्याच जिल्ह्यातलं, आणि त्यांच्या घरी वाढलेली जनी, म्हणजे संत जनाबाई, शेजारच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची. आई गेल्यावर बापाने लहानग्या जनीला पंढरपुरात नामदेवांचे वडील दामाशेटी यांच्या पदरात घातलं, असं परंपरा सांगते. ती त्या घरात दासी म्हणून राहिली. तिच्या अभंगांत दळण आहे, कांडण आहे, झाडलोट आहे, शेण वेचणं आहे. विठ्ठल भेटतो तोही याच कामांत हात लावायला. ज्या घरात ती दासी होती, त्याच घराच्या नावाने ‘नामयाची जनी’ अशी ओळख तिने अभंगात कोरून ठेवली. नाव नामदेवांचं, पण त्यापुढे उभी ती स्वतः.

अनाथ पोरीची गोष्ट म्हटली की आपल्याकडे आधी रडं काढतात, नाहीतर थेट चमत्कार दाखवतात. जनाबाईवर कुणी चित्रमालिका काढणार असेल, तर त्याने ॲनचे पहिले चार भाग जरूर पाहावेत. आणि विठ्ठलाला दळायला बसवण्याआधी, जनी एकटीच जातं ओढते आहे, असा एक अख्खा भाग करावा.