धावपट्टी घेऊन फिरणारे जहाज

कोकणातल्या आपल्या घरांना जहाज नवे नाही. सारंग, तांडेल, खलाशी, भंडारी हे शब्द आपण लहानपणापासून ऐकत आलो. तरीही ‘आयएनएस विक्रांत’चे आकडे ऐकले, की दर्यावर आयुष्य काढलेला माणूससुद्धा थबकतो. लांबी २६२ मीटर, रुंदी ६२ मीटर, चौदा मजले, दोन हजारांहून जास्त कप्पे आणि सुमारे सोळाशे माणसे. कोचीच्या गोदीत बांधलेली ही युद्धनौका २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलात आली. तिच्यासाठी लागणारे खास पोलाद रशियाकडून मिळेना, तेव्हा ते आपल्याच प्रयोगशाळेने आणि ‘सेल’च्या कारखान्यांनी तयार केले. काम लांबले, पण पोलाद बनवायची विद्या घरात आली.

खरी गंमत विमाने उडवण्याची. विमानतळावर लढाऊ विमानाला दोन-अडीच किलोमीटरची धावपट्टी मिळते. इथे फार तर दोनशे मीटर! म्हणून जहाज वाऱ्याकडे तोंड करून वेगाने निघते. विमानाची चाके अडवून ठेवलेली असतात, इंजिन पूर्ण जोरात आले की ती सोडतात. पुढच्या टोकाला डेक घसरगुंडी उलटी ठेवावी तसा वर उचललेला आहे. त्यावरून विमान हवेत फेकले जाते आणि तेवढ्या क्षणांत वेग पकडते.

उतरणे याहून कठीण. डेकवर तीन पोलादी दोर आडवे ताणलेले असतात. विमानाच्या शेपटीखालचा हूक त्यातल्या एकात अडकला पाहिजे. अडकला, की दोन-तीन सेकंदांत विमान जागच्या जागी उभे. पण डेकला चाके टेकताच वैमानिक वेग कमी करत नाही, उलट इंजिन पूर्ण जोरात सोडतो! हूक चुकला तर पुन्हा उडता यावे म्हणून. उतरायची पट्टीही त्यासाठीच तिरकी ठेवलेली, म्हणजे पुढे उभ्या असलेल्या विमानांवर आदळायची भीती नको. हा सराव आधी जमिनीवर होतो. गोव्यात दाबोळीच्या नौदल तळावर असाच चढ आणि असेच दोर बांधले आहेत.

या रचनेला मर्यादाही आहे. अमेरिकेच्या मोठ्या नौकांवर विमान यंत्राने ढकलून उडवतात. इथे विमानाच्या स्वतःच्या जोरावर सगळे, त्यामुळे इंधन आणि शस्त्रे भरताना हात आखडता घ्यावा लागतो. दूरवर टेहळणी करणारे मोठे विमान उडवता येत नाही, ते काम कामोव्ह हेलिकॉप्टर करते. शिवाय अशी नौका एकटी कधी निघत नाही. सोबत विनाशिका, पाणबुडी, इंधनाचे जहाज लागते. सुमारे वीस हजार कोटींचे हे जहाज क्षेपणास्त्रांच्या जमान्यात फार मोठे लक्ष्य नाही का, असे विचारणारे जाणकार आहेत. प्रश्न रास्त आहे. पण किनाऱ्यापासून हजार मैलांवर आपले विमान हवे असेल, तर दुसरा मार्गही फारसा नाही, असे आम्हाला वाटते.

आत एक गावच आहे. सोळा खाटांचे इस्पितळ, चपात्या-इडल्या करणारी यंत्रे असलेले भटारखाने आणि, आमच्या बहिणींना आवडेल, महिला अधिकारी व खलाशांसाठी वेगळ्या खोल्या.

विक्रांत दाखल झाली त्याच दिवशी नौदलाचा नवा ध्वज फडकला. त्यावरचा अष्टकोन शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला आहे. त्या आरमारात दौलतखान सरदार होते, हे मुलांना सांगायला हवे. पोर्तुगिजांशी झुंजलेल्या कालिकतच्या कुंजाली मरक्कारांचे नाव तर कुलाब्याच्या नौदल तळाला आहे, ‘आयएनएस कुंजाली’.

पहिली विक्रांत ब्रिटनकडून घेतलेली. १९७१ च्या युद्धात तिच्या विमानांनी चितगाव आणि कॉक्स बाजारवर हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली, नंतर काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. आपल्यापैकी कितीतरी जणांनी मुलांना नेऊन दाखवली असेल. २०१४ मध्ये दारुखान्यात ती तोडली. तिचे थोडे पोलाद पुण्याच्या बजाज कंपनीने मोटारसायकलींसाठी घेतले.