मीटरची टोके पाहिलीत का?

गेल्या माघात हरसूलजवळच्या एका पाड्यावर हरभऱ्याची पाहणी करायला गेलो होतो. घाटे भरायला लागले होते. अशा वेळी एक पाणी मिळाले तर दाणा टपोरा होतो, चुकले तर घाटे पोचट राहतात. पण विहिरीवरची मोटर बंद!

"साहेब, मोटर जळाली. पुतण्याने मीटर लावून पाहिलं. उद्या नाशिकला नेतो गुंडाळायला," घरधनी म्हणाले.

म्हणजे आठ दिवस आणि काही हजारांचा खड्डा. मी शेतीचा पदवीधर, वीजतंत्री नव्हे. पण जळक्या मोटरीचा वास ओळखतो, आणि तो येत नव्हता. पोराकडून मीटर मागून घेतला. लाल तारेचे टोक काळेकुट्ट, बुडाशी हिरवट थर. दोन्ही टोके एकमेकांना टेकवली. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा. इथे कधी वीस, कधी साठ, कधी काहीच नाही. तेव्हा बिघाड मोटरीत की मीटरच्या टोकात, हे कसे कळणार?

मुख्य स्विच बंद करून, फ्यूज काढून, टोके पुसून पुन्हा मोजले. मोटरीच्या तिन्ही तारांच्या जोड्यांत सारखाच, काही ओहमचा आकडा आला. वायरमनने येऊन अंगाला वीज उतरते का तेही तपासले. दोष निघाला स्टार्टरच्या जळक्या संपर्कात.

ही टोके बहुधा पितळेची असतात, वर निकेलचा पातळ मुलामा. घासून मुलामा गेला की पितळ उघडे पडते. पितळेच्या भांड्यात ताक का कळकते, हे घरच्या माउलींना सांगायला नको. तसाच थर इथेही चढतो, आणि त्यातून वीज नीट जात नाही. आपल्याकडे चार महिने धो धो पाऊस, पंपाची खोली दमट. त्यात मीटर ठेवायचा कुठे, तर खताच्या गोण्यांवर! अमोनियम सल्फेटसारखी खते हवेतले पाणी ओढतात आणि त्यांचे क्षार पितळ-तांब्याला खातात. महागड्या तारांच्या टोकांना सोन्याचा मुलामा असतो तो थाटासाठी नव्हे. सोने काळवंडत नाही म्हणून.

मोटर विनाकारण गुंडाळली तर पैसे जातात. उलट चूक झाली तर माणूस जातो. टेस्ट लॅम्पच्या तारेचे टोक गंजले, जळून खड्डे पडले, की दिवा लागत नाही. आपण समजतो लाइट गेली आणि तारेला हात घालतो. म्हणून आधी जिथे वीज नक्की आहे तिथे दिवा लावून पाहावा, मग शंकेची जागा, आणि शेवटी पुन्हा पहिली जागा. दोन फेजमध्ये 415 व्होल्ट असतात. तिथे घरातला एकच दिवा लावला तर तो फुटतो. खरे तर चालू विजेवरची तपासणी वायरमननेच करावी. निऑनच्या पेचकस-टेस्टरवर तर एकट्यावर विसंबूच नये. भर उन्हात त्याचा उजेड दिसत नाही, आणि ओल्या हाताने तो धरणे म्हणजे मरणाला हाक.

टोके साफ करताना मीटरच्या तारा आधी काढून घ्याव्यात. शाळेतल्या मुलाचे खोडरबर हलके फिरवून कोरड्या फडक्याने पुसले की पुरे. पॉलिश कागदाने उरलासुरला मुलामाही जातो. त्या घरच्या आजी चिंच घेऊन आल्या होत्या. त्यांना म्हटले, "आजी, तांब्या-कळशीला चिंच बरी, ती लगेच धुता येते. इथे आंबट फटीत राहून आणखी खाईल." टोक बोथट झाले, हलू लागले किंवा तारेचे वेष्टण तडकले तर जोडीच बदलावी. चिकटपट्टी गुंडाळून काम भागवू नये.

तिसऱ्या दिवशी हरभऱ्याला पाणी बसले. मीटर आता खताच्या खोलीत नाही. घरात, घट्ट झाकणाच्या डब्यात आहे. तो डबा आजींचा शेवयांचा होता, आणि त्यावरून त्या पुतण्याशी अजून बोलत नाहीत.