संध्याकाळी सहानंतर मुलं जातात कुठे?

शाळा सुटली, क्लास संपला, घरी आई-बाबा अजून आलेले नाहीत. अशा वेळी तुमचा तेरा-चौदा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी कुठे असते? बागेत गेलं तर 'बॉल खेळण्यास मनाई' अशी पाटी. सोसायटीत खेळलं तर तळमजल्यावरचे काका ओरडतात. टर्फवर जायचं तर तासाचं भाडं हजाराच्या घरात. मग उरतो मोबाइल, नाही तर नाक्यावरची टपरी. लहान मुलांसाठी घसरगुंडी असते, आजी-आजोबांसाठी बाकं असतात. मधल्या वयाच्या मुलांसाठी शहरात हक्काची जागाच नसते.

या वयाच्या मुलांना खेळायला, गप्पा मारायला, कुणाशी तरी मोकळेपणाने बोलायला जागा द्यायची तर त्याचा खर्च कुणी करायचा? आपल्याकडे हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. ब्रिटनमध्ये तो विचारला गेला, पण जागा बंद पडल्यावर.

लंडनमध्ये काय झालं?

तिथे 'यूथ क्लब' ही जुनी गोष्ट आहे. कॅरम-टेबल टेनिसपासून संगीतापर्यंत सगळं असतं, जवळजवळ फुकट. मुलांवर लक्ष ठेवायला प्रशिक्षित ताई-दादा असतात. काही क्लब पालिका स्वतः चालवते, काही स्वयंसेवी संस्था चालवतात आणि पालिका त्यांना अनुदान देते. २०१० नंतर केंद्र सरकारने पालिकांचा निधी कापला. पालिकांनी आधी हात घातला तो या क्लबांच्या पैशांत. शाळा बंद केली तर बोंब होते, कचरा उचलला नाही तर दुसऱ्या दिवशी फोन येतात. क्लब बंद झाला तर ओरडणार कोण? ज्यांचं नुकसान होतं त्यांना मतच नसतं!

२०१० ते २०१९ या काळात लंडनमधले सुमारे ३० टक्के यूथ क्लब बंद झाले. पुढे २०२४ मध्ये 'इन्स्टिट्यूट फॉर फिस्कल स्टडीज' या संस्थेने एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घराजवळचा, चालत जाण्याच्या अंतरावरचा क्लब बंद झाला ती मुलं आणि ज्यांचा क्लब चालू राहिला ती मुलं, अशी तुलना केली. क्लब गमावलेल्या मुलांचे सोळाव्या वर्षीच्या परीक्षेतले गुण घसरले, आणि गरीब घरातल्या मुलांचे जास्त घसरले. १० ते १७ वयोगटात गुन्ह्यात अडकण्याचं प्रमाण १४ टक्क्यांनी वाढलं. हिशेब असा निघाला की पालिकेने वाचवलेल्या प्रत्येक पौंडामागे समाजाला जवळपास तीन पौंडांचा भुर्दंड पडला.

गंमत म्हणजे तिथे याबाबत कायदा आहे. १३ ते १९ वयाच्या मुलांसाठी फावल्या वेळेतल्या उपक्रमांची सोय करणं हे इंग्लंडमधल्या पालिकांचं कर्तव्य आहे. पण त्यात 'व्यवहार्य असेल तितपत' अशा अर्थाचे शब्द आहेत. तिजोरीत खडखडाट झाला की सगळंच अव्यवहार्य होतं, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

जिथे टिकलं तिथे

बोल्टन हे मँचेस्टरजवळचं गिरण्यांचं गाव. तिथे १८८९ मध्ये गिरणीत राबणाऱ्या मुलांसाठी क्लब सुरू झाला. पुढे मुलीही आल्या आणि नावही 'लॅड्स अँड गर्ल्स क्लब' झालं. हा क्लब आजही चालू आहे. त्याच्याच नमुन्यावर 'ऑनसाइड' या संस्थेने २००८ पासून ब्रिटनमधल्या अनेक शहरांत मोठी युवा केंद्रं उभी केली. पद्धत सरळ आहे. जागा पालिका नाममात्र भाड्याने, दीर्घ मुदतीवर देते. चालवण्याच्या खर्चातला एक वाटा पालिका उचलते, बाकीचा स्थानिक उद्योजक आणि देणगीदार. मुलांकडून एका वेळेचे ५० पेन्स घ्यायचे, म्हणजे खिशातल्या चिल्लरमध्ये काम भागतं. केंद्र आठवड्याचे सातही दिवस उघडं.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोने आणखी एक पाऊल पुढे टाकलं. १९९१ मध्ये तिथल्या मतदारांनी मतदान करून शहराच्या सनदेतच मुलांसाठी वेगळा निधी राखून ठेवला. मालमत्ता कराचा ठरावीक हिस्सा दरवर्षी त्यात जमा होतो आणि बराचसा पैसा स्वयंसेवी संस्थांमार्फत खर्च होतो. महापौर बदलला तरी तो हिस्सा हलत नाही.

मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते ती रकमेपेक्षा मुदत. इमारतीला पैसे देणारे पुष्कळ भेटतात, कारण दारावर पाटी लागते. दर महिन्याचं वीजबिल आणि ताई-दादांचा पगार यांना पाटी नसते. वर्षावर्षाच्या अनुदानावर चालणाऱ्या संस्थेचे चांगले लोक मार्चमध्ये दुसरी नोकरी शोधू लागतात. मुलगा दोन वर्षांनी ज्या दादाशी मनातलं बोलायला लागतो, तो दादाच निघून गेला तर टेबल टेनिसचं टेबल काय कामाचं?

आपल्याकडे?

१९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बागा आणि खेळाची मैदानं हा विषय नगरपालिकांच्या यादीत घातला. म्हणजे इंदूर असो, हैदराबाद असो की नाशिक, विचारायचं ते पालिकेलाच. मात्र संस्थेला जागा देताना डोळे उघडे हवेत. मुंबईत मोकळ्या जागा खासगी संस्थांना सांभाळायला देण्याच्या धोरणावरून मोठा वाद झाला, आणि २०१६ मध्ये राज्य सरकारला ते थांबवावं लागलं. मैदान मुलांचं राहतं की हळूहळू सभासदांचा क्लब होतं, ही भीती खोटी नव्हती. म्हणून फी किती, वेळ काय, हिशेब कुठे पाहायला मिळेल, हे करारातच लिहून घ्यावं लागतं.

मुलींच्या पालकांनी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात: स्वच्छ, कडी लागणारं स्वच्छतागृह आणि येण्याजाण्याच्या वाटेवर दिवे. हे नसेल तर 'सर्वांसाठी खुलं' केंद्र दोन महिन्यांत फक्त मुलग्यांचं होतं.

सुरुवातीला नवी इमारत लागतेच असं नाही. पालिका शाळांचे वर्ग संध्याकाळी कुलूपबंद असतात. महाराष्ट्राबाहेर राहत असाल तर तुमच्या महाराष्ट्र मंडळाचा हॉल गणेशोत्सव सोडून किती संध्याकाळी रिकामा असतो, ते जरा बघा. पुण्यात २००६ पासून नागरिकांना पालिकेच्या अंदाजपत्रकासाठी आपल्या भागातली कामं सुचवता येतात. तुमच्या शहरात अशी सोय नसली तरी नगरसेवकाला पत्र देता येतंच. पालिकांची अंदाजपत्रकं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये मांडली जातात, त्यामुळे पत्र दिवाळीच्या आसपास गेलेलं बरं. त्यात 'युवा केंद्र हवे' एवढंच लिहू नका. कोणती शाळा, कोणते दोन वर्ग, किती ते किती, किल्ली कुणाकडे आणि तीन वर्षांचा खर्च किती, हे लिहा. आणि खाली मुलांनाही सह्या करू द्या.