ऊन त्वचेवर, परिणाम रक्तात

सुमारे शंभर वर्षांपूर्वी, १९२१-२२ साली, नाशिक शहरातील बालकांच्या मुडदूस या विकाराचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हचिसन या डॉक्टरांनी पटेल व शहा या सहकाऱ्यांसमवेत केलेल्या या पाहणीत एक विलक्षण विसंगती आढळली. ज्या सुखवस्तू घरांत खाण्यापिण्याची ददात नव्हती, पण स्त्रिया पडद्यात राहत आणि तान्ही मुलेही त्यांच्यासोबत आतल्या खोल्यांत वाढत, त्याच घरांतील मुलांची हाडे मऊ पडून वाकत होती. उलट, उघड्यावर राबणाऱ्या गरीब बायकांची मुले निकृष्ट अन्नावर वाढूनही या विकारापासून मुक्त होती. उणीव ताटातली नव्हती, उन्हातली होती.

त्याच सुमारास, १९१९ मध्ये, बर्लिनमधील कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी मुडदूस झालेल्या मुलांवर पाऱ्याच्या दिव्याचा अतिनील प्रकाश सोडून उपचार केले. मुलाच्या एकाच हातावर प्रकाश टाकला तरी क्ष-किरण चित्रात दोन्ही हातांची हाडे सुधारत असल्याचे दिसले. ज्या हाताला प्रकाश लागलाच नाही, तो कसा बरा झाला? प्रकाशामुळे त्वचेत काहीतरी तयार होते आणि रक्तावाटे ते सर्वत्र पोहोचते, एवढा एकच अर्थ त्यातून निघत होता. अतिनील किरणांचा रक्ताभिसरणाशी आणि चयापचयाशी असलेला संबंध समजून घ्यायचा तर या दुसऱ्या हातापासूनच सुरुवात करावी लागते.

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची ऊबही जाणवत नाही. जाणवते ती ऊब उन्हातील इतर किरणांची. पृथ्वीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांचे दोन प्रकार महत्त्वाचे आहेत. ३१५ ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या किरणांना ‘अ’ अतिनील आणि २८० ते ३१५ नॅनोमीटरच्या किरणांना ‘ब’ अतिनील म्हणतात. याहून लहान तरंगलांबीचे ‘क’ किरण वातावरणातच अडवले जातात. ‘ब’ किरण बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरातच शोषले जातात. ‘अ’ किरण मात्र त्याखालच्या, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या जाळ्यापर्यंत उतरतात. शरीरावरील दोन वेगवेगळ्या परिणामांचे मूळ या फरकात आहे.

पहिला परिणाम ड जीवनसत्त्वाचा. कोलेस्टेरॉलचा एक जवळचा नातलग पदार्थ त्वचेत असतो. ‘ब’ किरण पडताच त्याचे ड जीवनसत्त्वाच्या पूर्वरूपात परिवर्तन होते, आणि शरीराच्या उष्णतेने ते पुढे ड-३ बनते. मात्र हे जीवनसत्त्व अजून कामाला जुंपलेले नसते. रक्तावाटे ते प्रथम यकृतात आणि मग मूत्रपिंडात जाते, दोन्ही ठिकाणी त्यात बदल होतात, आणि तेव्हा कोठे त्याला संप्रेरकाचे सामर्थ्य येते. आतड्यातून कॅल्शियम व फॉस्फरस शोषले जाणे याच संप्रेरकावर अवलंबून असते. त्याच्या अभावी अन्नातील कॅल्शियमपैकी जेमतेम १० ते १५ टक्केच शरीराला मिळते. ते पुरेसे असेल तर हे प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत जाते. रोज दूध घेऊनही गुडघे आणि कंबर धरलेल्या आजींच्या दुखण्यात या हिशेबाचाही वाटा असू शकतो.

त्वचेच्या या कारखान्याला स्वतःचा अंकुशही आहे. ऊन जास्त झाले की पूर्वरूपाचे निरुपद्रवी पदार्थांत रूपांतर होऊ लागते. त्यामुळे उन्हातून ड जीवनसत्त्वाचा अतिरेक होत नाही. गोळ्यांना मात्र असा अंकुश नसतो. ६०,००० एककांची पुडी आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती कोणाच्या तरी सांगण्यावरून महिनोन्‌महिने रोज घेतली, तर रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडण्याची भीती असते.

दुसरा परिणाम थेट रक्तवाहिन्यांवर होतो आणि तो तुलनेने अलीकडे उमगला. रक्तवाहिन्यांच्या भिंतींतील स्नायू सैल करणारा नायट्रिक ऑक्साइड हा वायू शरीर स्वतःच तयार करते. त्यासंबंधीच्या शोधाला १९९८ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या वायूची संयुगे त्वचेत साठवलेली असतात. एडिंबरा येथील त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर आणि साउथॅम्प्टनमधील संशोधकांनी २०१४ मध्ये २४ निरोगी स्वयंसेवकांवरील प्रयोग प्रसिद्ध केला. एका वेळी त्यांच्या त्वचेवर ‘अ’ किरण सोडले. दुसऱ्या वेळी दिवे तेच ठेवले, पण किरण अडवून केवळ ऊब पोहोचू दिली. किरण मिळाले तेव्हा रक्तवाहिन्या रुंदावल्या, रक्तदाब थोडा उतरला आणि त्वचेतील साठा रक्तात आल्याच्या खुणा दिसल्या. ड जीवनसत्त्वाचे प्रमाण मात्र बदलले नाही. म्हणजे हा परिणाम त्या जीवनसत्त्वाचा नव्हताच.

हिवाळ्यात रक्तदाब वाढतो, हे वैद्यांना पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचे खापर नेहमी थंडीवर फोडले जाई. २०२० मध्ये वेलर आणि अमेरिकी संशोधकांनी तेथील २,१७८ डायलिसिस केंद्रांतील ३,४२,४५७ रुग्णांच्या रक्तदाबाच्या नोंदी तपासल्या. तापमानाचा परिणाम हिशेबातून वेगळा काढल्यानंतरही, अतिनील किरण जास्त असताना वरचा रक्तदाब कमी आढळला. गोऱ्या रुग्णांत हा संबंध अधिक स्पष्ट होता, कृष्णवर्णीयांत कमी. भारतीयांच्या दृष्टीने हा तपशील दुर्लक्षून चालणार नाही. त्वचेतील रंगद्रव्य किरण अडवते. म्हणून सावळ्या त्वचेला तेवढ्याच लाभासाठी अधिक वेळ उन्हात घालवावा लागतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. अशा नोंदींतून संबंध दिसतो, कार्यकारणभाव पूर्णपणे सिद्ध होत नाही. आणि या माहितीच्या जोरावर कोणी रक्तदाबाची गोळी बंद करणे हा शुद्ध अविचार ठरेल. उलट, रक्तदाबासाठी दिल्या जाणाऱ्या हायड्रोक्लोरोथायाझाइडसारख्या काही औषधांनी त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. अशा रुग्णांनी उन्हात बसण्याविषयी डॉक्टरांना आधी विचारणे इष्ट.

तरीही एक प्रश्न उरतोच. ऊन आणि निरोगी हृदय यांचा संबंध केवळ ड जीवनसत्त्वामुळे असता, तर गोळ्यांनीही हृदयविकार कमी व्हायला हवे होते. अमेरिकेत २५,८७१ प्रौढांवर काही वर्षे केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत रोज २,००० एकके ड-३ देऊनही हृदयविकाराच्या झटक्यांचे वा पक्षाघाताचे प्रमाण घटले नाही. हाडांचा विकार झालेल्याला, कमतरता असलेल्याला गोळी उपयोगाची आहे, यात शंका नाही. पण गोळी म्हणजे डबीत बंद केलेले ऊन, ही समजूत टिकत नाही.

साखर आणि चरबीच्या चयापचयाविषयीचे पुरावे अजून कोवळे आहेत. ऑस्ट्रेलियात चरबीयुक्त आहारावर ठेवलेल्या उंदरांना अतिनील प्रकाश दिला असता त्यांचे वजन आणि रक्तातील साखर यांची वाढ मंदावली, असे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. तेथेही श्रेय ड जीवनसत्त्वापेक्षा नायट्रिक ऑक्साइडकडे झुकते. तथापि उंदराची त्वचा माणसाची नव्हे. मधुमेह्याने त्यावरून स्वतःपुरता निष्कर्ष काढू नये.

अतिनील किरणांची दुसरी बाजू लपवण्यात अर्थ नाही. तेच किरण पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा करतात, सुरकुत्या लवकर आणतात, मोतीबिंदूला हातभार लावतात, आणि त्वचेच्या कर्करोगाचे एक प्रमुख कारण आहेत. रक्तातील फोलेट या जीवनसत्त्वाचाही त्यांच्यामुळे ऱ्हास होऊ शकतो, हे १९७८ मध्ये दाखवले गेले. गर्भाच्या वाढीला फोलेट आवश्यक असते, म्हणून गर्भवतीच्या गोळ्या उन्हाच्या भरवशावर सोडता येत नाहीत. महाबळेश्वरसारख्या थंड ठिकाणी गारव्यामुळे माणूस बेसावध होतो, पण उंची वाढते तसे अतिनील किरणही तीव्र होतात: दर हजार मीटरला सुमारे १० टक्क्यांनी.

आता रोजच्या व्यवहाराकडे वळू. सकाळच्या कोवळ्या उन्हात ड जीवनसत्त्व मिळते, ही घराघरांतली समजूत चुकीची आहे. सूर्य क्षितिजाजवळ असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून येतात आणि ‘ब’ किरण वाटेतच गळून जातात. ते पुरेसे केव्हा असतात, हे जमिनीवर पाहून कळते: आपली सावली आपल्या उंचीहून आखूड असेल तेव्हा. आपल्याकडे ही वेळ मध्यान्हीच्या आसपास, साधारण ११ ते २ दरम्यान येते. चैत्र-वैशाखात त्या वेळी उष्माघाताची भीती असते. तेव्हा हातपाय उघडे ठेवून, डोके व डोळे झाकून थोडा वेळच उन्हात थांबावे, आणि त्वचा लाल होण्याआधीच सावलीत परतावे. वृद्धांची त्वचा हे जीवनसत्त्व कमी प्रमाणात बनवते, म्हणून त्यांना केवळ ऊन पुरेलच असे नाही. काचेच्या आड बसून तर ‘ब’ किरण जवळजवळ मिळतच नाहीत. गॅलरीला काचा लावून घेतलेल्या सदनिकेत दिवसभर उजेड असतो, पण या हिशेबात ते घर नाशिकच्या त्या आतल्या खोल्यांहून फारसे वेगळे नाही.

शाकाहारी, विशेषतः अळंबीही वर्ज्य मानणाऱ्या कुटुंबांत नेहमीच्या अन्नातून ड जीवनसत्त्व अत्यल्प मिळते. माशांच्या यकृताचे तेल त्यांच्यासाठी नाही, आणि साध्या दुधात ते नाममात्रच असते. त्यामुळे ऊन पुरत नसेल तर प्रश्न येतो तो गोळीच्या उगमाचा. बाजारातील बहुतेक ड-३ मेंढीच्या लोकरीवरील स्निग्ध द्रव्यापासून बनते. मसाल्यातील दगडफूल ज्या वर्गात मोडते, त्या वर्गातील वनस्पतीसदृश जीवापासून काढलेले ड-३ देखील मिळते. मात्र तो जीव शेवाळ आणि बुरशी यांच्या सहवासातून घडलेला असतो, तेव्हा तो ग्राह्य की नाही हे ज्याने त्याने ठरवावे. मऊ कॅप्सूलचे आवरण पुष्कळदा प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेल्या जिलेटिनचे असते. पूड किंवा साधी गोळी मागितली तर तो प्रश्न बव्हंशी टळतो, पण औषध घेण्यापूर्वी वेष्टनावरील घटक वाचणे आणि रक्तातील ड जीवनसत्त्वाची तपासणी करून मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे हे दोन्ही करावे लागते.